चुलीपाशी : नवलकोलाच्या पाल्याचा कुरकुरीत खाऊ



खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र मजपुढे आहे. त्यांची कन्या बंगळुरास नोकरीला असते. नाताळात ती घरी आली तेव्हा वडिलांसाठी म्हणून एक चकचकीत पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे केल चिप्स. तळलेले नाहीत, भाजलेले आहेत." आईने ऐकले 'केळ'. केळ्याचे वेफर्स तर आपल्या घरी तळतातच, त्यात नवल ते काय, असे म्हणून त्यांनी पाकीट फोडले, तो आत काळपट हिरवा पालापाचोळा! घरातल्या मंडळींना हसू आवरेना. परंतु खाऊन पाहिल्यावर हसणे थांबले, आणि पाच मिनिटांत पाकीट रिकामे झाले. मग त्याची किंमत कळली, तेव्हा मात्र कोणीच काही बोलले नाही.

येथवर पत्र विनोदाचे आहे. पुढचा भाग तसा नाही. यजमानांचे वय छप्पन्न. डॉक्टरांनी तेल व मीठ कमी करावयास सांगितले आहे. दुपारी पाचच्या चहाबरोबर शेव-चिवड्याचा डबा पुढे आला नाही की ते मुकाट्याने पायांत चपला सरकवतात आणि 'जरा जाऊन येतो' म्हणून निघतात. कोठे जातात ते एके दिवशी शेजारच्या मुलाने सांगितले : एस. टी. स्टँडजवळच्या गाड्यावर, भजी खावयास. "बाई, मला त्यांच्याशी भांडावयाचे नाही," त्या लिहितात. "माझे बोलणे त्यांस टोचते, आणि त्यांचे न बोलणे मला. चहाबरोबर दातांखाली काहीतरी कुरकुरीत वाजले तर ते घरी थांबतील असे मला वाटते. हे केल घरी करता येईल काय? आमच्या आठवड्याच्या बाजारात ते मिळत नाही." आणि शेवटी, सही करण्याच्या आधी, एक ओळ : त्यांना दोन वर्षांपासून रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, ती मात्र ते न चुकता घेतात.

ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडे मी येणारच आहे. कृती सांगण्याच्या आधीच येणार आहे. प्रथम केल म्हणजे काय ते पाहू.

केल ही कोबीचीच बहीण, मात्र गड्डा न धरणारी. युरोपच्या समुद्रकाठच्या एका रानटी रोपापासून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवड करीत करीत निरनिराळ्या भाज्या काढल्या. कोणी पानांचा मिटलेला कोंब वाढविला, त्याचा कोबी झाला; कोणी फुलोरा वाढविला, त्याचा फ्लॉवर झाला; कोणी खोडच फुगविले, त्याचा नवलकोल झाला; आणि जेथे मोकळी पानेच ठेवली तेथे केल राहिले. वनस्पतिशास्त्रात या साऱ्यांची जात एकच. स्कॉटलंडात घरामागच्या भाजीच्या वाफ्यालाच 'केलयार्ड' म्हणत, इतके ते गरिबांचे रोजचे अन्न होते. पोर्तुगालमध्ये 'काल्दो व्हेर्द' नावाचे हिरवे सूप याच कुळातल्या पानांचे करतात. ते सूप गोव्यात आले, पण ती पाने आली नाहीत. म्हणून गोव्याच्या गृहिणींनी त्यात पालक घातला आणि नाव तेच ठेवले. काश्मीरमध्ये मात्र याच कुळातला 'हाक' घरोघरी रोज शिजतो. थंडी आणि दहिवर पडले की ही पाने गोड होतात. आपल्याकडचा उन्हाळा त्यांस सोसत नाही, यास्तव ती बाजारात क्वचितच दिसतात.

पण भगिनींनो, नवलकोल तर आपल्याकडे आहे! बेळगावच्या आसपासच्या मळ्यांतून तो हिवाळ्यात गाडीच्या गाडी निघतो आणि घाट उतरून गोव्यापर्यंत जातो. गड्डा आपण घेतो. पाला भाजीवालीच्या टोपलीशेजारी पडतो, नाहीतर म्हशीपुढे जातो. त्या पाल्याला केलचीच चव आणि केलचाच जाडपणा असतो. कोवळी पाने निवडली तर ओळखू येऊ नये इतके साम्य आहे. तेव्हा बंगळुराचे पाकीट विसरा. तुमच्या बाजारात ते फुकट पडलेले आहे.

आता ती शेवटची ओळ.

माझी थोरली जाऊ लहानपणी सांधेज्वराने आजारी होती. त्या ज्वराने हृदयाची झडप बिघडली, आणि पुढे तिला शस्त्रक्रियेने कृत्रिम झडप बसवावी लागली. अशा माणसाच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. तिच्या गोळीचे नाव वॉरफॅरिन. ही गोळी शरीरातील 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि त्यायोगे रक्त गोठणे मंद करते. आणि हे 'के' जीवनसत्त्व कशात भरपूर असते? हिरव्या पालेभाज्यांत, त्यातही केल आणि त्याच्या कुळातल्या गडद पानांत तर फारच.

मला हा खाऊ नवा नवा साधला होता. जाऊबाईंचे वजन वाढले होते, म्हणून मी हौसेने डबा भरून त्यांच्याकडे नेला. त्यांस आवडला. मी पुन्हा नेला. तीन आठवडे त्या रोज वाटीभर खात होत्या. नंतर नेहमीची रक्ततपासणी झाली. 'आय. एन. आर.' नावाचा एक आकडा त्यात पाहतात. तो त्यांच्यासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली आलेला. म्हणजे गोळी चालू असूनही तिचे काम होत नव्हते आणि गुठळीची भीती वाढली होती. डॉक्टरांनी विचारले, "गोळी चुकली काय?" नाही. "नवे औषध? काढा?" नाही. "जेवणात काही बदल?" तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "आमची धाकटी कसला तरी पाला भाजून आणते." सुदैवाने काही विपरीत घडले नाही. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांस विषारी काही दिले नव्हते, भाजीच दिली होती. पण अडीचशे ग्रॅम पाला भाजी म्हणून एका बैठकीत कोणी खात नाही. कुरकुरीत झाला की तो हां हां म्हणता संपतो. डब्यातली मूठ हलकी लागते, पण तिच्यात अख्खी जुडी असते.

डॉक्टरांनी पालेभाजी बंद केली नाही, हेही सांगितले पाहिजे. असे रुग्ण भीतीने हिरवे पान टाकूनच देतात, तेही चूक. त्यांचे म्हणणे असे की, जे खाल ते दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा. एकाएकी वाढवू नका, एकाएकी सोडूही नका. आणि काही नवे सुरू करावयाचे असेल तर आधी सांगा, म्हणजे तपासणी करून गोळीचे प्रमाण त्याप्रमाणे बसविता येते.

तेव्हा खानापूरच्या भगिनी, आज संध्याकाळी गोळीची पट्टी उजेडात धरून नाव वाचा. 'रक्त पातळ करणारी गोळी' असे आपण सर्रास म्हणतो, पण त्या नावाखाली निरनिराळी औषधे येतात. वॉरफॅरिन किंवा अॅसिनोकोमरॉल असेल, तर मी वर लिहिलेले सारे तुमच्या यजमानांस लागू आहे. डॉक्टरांस विचारल्याखेरीज हा खाऊ सुरू करू नका. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल, तर त्यांचे काम वेगळ्या रीतीने चालते, 'के' जीवनसत्त्वाशी त्यांचा संबंध नाही. अलीकडच्या अॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांसही पालेभाजीची ही अडचण येत नाही. तरीही पट्टी हातात घेऊनच दवाखान्यात जा आणि एकदा विचारा. नाव वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानातला मनुष्य वाचून देईल. यजमानांची गोळी मात्र आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नका. मूत्रपिंडाच्या विकाराने ज्यांस पालेभाज्यांचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनीही आधी विचारावे.

आता कृती, जी तुम्ही खरोखर मागितली होती.

पाने कोवळी व मध्यम घ्यावीत. जून पानांचा चोथा होतो. मळा घरचा असेल तर प्रत्येक रोपाची दोन-तीन पानेच खुडावीत. सारा पाला ओरबाडला तर गड्डा पोसणार नाही. विकतचा पाला असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कुळावर अळी फार पडते आणि म्हणून फवारणीही फार होते. मिठाच्या पाण्यात पाने बुडविली की अळ्या सुटून वर येतात हे खरे, परंतु पानात मुरलेले औषध त्याने निघत नाही. शेवटची फवारणी केव्हा झाली हे मळेवाल्यास विचारण्यात संकोच कसला? मी तर परसात दहा रोपे लावते. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप केले की नाताळापासून पुढे पाने मिळतात, आणि उपवासकाळ लागेपर्यंत पुरतात.

पाने दोन-तीन पाण्यांत धुवावी. मधला जाड देठ सुरीने काढून टाकावा. तो राहिला तर पान वाळते आणि देठ ओलाच राहतो. देठांची चटणी करा, टाकू नका. पानांचे तळहाताच्या निम्म्याएवढे तुकडे हाताने करावे. देठ काढल्यावर अडीचशे ग्रॅम भरतील इतके घ्या.

यापुढची पायरी साऱ्यांत महत्त्वाची, आणि तेथेच माझा पहिला घाणा फसला. धुतलेली पाने मी चाळणीत निथळली आणि तशीच भट्टीत घातली. अर्ध्या तासाने बाहेर काढली तो उकडलेली भाजी! कारण उघड आहे. पानावर पाणी आहे तोवर त्याची वाफ होण्यातच सारी उष्णता खर्च होते; पान शिजते, वाळत नाही. म्हणून पाने धुतलेल्या धोतरावर अगर जुन्या सुती लुगड्यावर एकेक पसरून, वरून दुसरे फडके दाबून टिपावी, आणि पंख्याखाली तासभर ठेवावी. हाताला ओल लागता कामा नये.

मग परातीत घेऊन दोन चहाचे चमचे तेल घालावे. शेंगदाण्याचे चालेल, खोबऱ्याचे नको, त्याने वास बदलतो. बोटांनी एकेका पानाला दोन्ही बाजूंनी तेल चोळावे. वेळ लागतो खरा, मुलांना बसवावे. तेलाची झाक दिसली पाहिजे, थेंब दिसता कामा नये. चिमूटभर हळद आणि थोडे लाल तिखट आताच लावावे. मीठ आता लावू नये! मीठ पानातले पाणी ओढून बाहेर काढते आणि आपली टिपण्याची सारी मेहनत वाया जाते.

घरी विजेची भट्टी असेल तर ती 150 अंश सेल्सियसवर आधी तापू द्यावी. पत्र्यावर पाने एकाच थरात, एकमेकांवर न चढविता पसरावी. दहा मिनिटांनी पत्रा फिरवावा, कारण भट्टीची मागची बाजू अधिक तापते. त्यानंतर आठ ते बारा मिनिटे. आणि या वेळेत चुलीपासून हलू नये. पानात पाणी असेपर्यंत त्याला काही होत नाही, पण पाणी संपले की दोन मिनिटांत ते हिरव्याचे तपकिरी आणि तपकिरीचे कडू होते. माझा दुसरा घाणा असाच गेला : दाराशी पोस्टमन आला, दोन शब्द बोलले, तेवढ्यात सारे करपले. कडांची पाने आधी होतात, ती चिमट्याने काढून घ्यावी. गरम असताना पान किंचित मऊ लागले तरी घाबरू नये. बाहेर पाच मिनिटे निवले की वाजू लागते.

ज्यांच्याकडे अशी भट्टी नाही त्यांनी काय करावे? नाताळात आपण नानकटाईचे पत्रे गावच्या बेकरीत देतो, तोच मार्ग धरावा. पाव निघाल्यानंतर भट्टी उतरू लागते, तिची ती मंद ऊब या कामास उत्तम. पावाच्या ऐन भट्टीत मात्र घालू देऊ नका, राख हाती येईल. बेकरीही दूर असेल, तर जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे, तळाशी तिवई ठेवून मंद आंचेवर दहा मिनिटे तापवावे, तिवईवर ताटलीत थोडीच पाने पसरावी आणि झाकण जरा तिरके, फट राहील असे ठेवावे. घट्ट झाकले की वाफ कोंडते. एका वेळी मूठभरच होते आणि दोन-तीनदा उलटावी लागतात, पण होते. मी पावसाळ्यात वीज गेली असता करून पाहिले आहे.

पाने बाहेर काढल्यावर, ती गरम असतानाच, कुटून पूड केलेले मीठ चिमटीने भुरभुरावे. अडीचशे ग्रॅम पाल्याला पाव चहाचा चमचा मीठ पुष्कळ झाले, त्याहून कमी चालले तर उत्तमच. येथे गृहिणीची फसगत होते : पाला परातभर दिसतो म्हणून हात सैल सुटतो, आणि मग परातभर पाल्याचे चाळीसएक ग्रॅम होतात पण मीठ तेवढेच राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावयास सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा; त्यात भाजी, आमटी, लोणचे सारे आले. चव यावी म्हणून मीठ वाढविण्यापेक्षा जिऱ्याची पूड किंवा आमचूर वापरा.

आता वजन कमी करण्याविषयी, कारण पाकिटांवर त्याचा फार गाजावाजा असतो. मी हिशेब करून पाहिला. वरच्या मापाच्या साऱ्या खाऊत तेल धरून दोनशेच्या आतबाहेर कॅलरी भरतात. चाळीस ग्रॅम बटाट्याचे तळलेले वेफर्स घेतले तर दोनशेच्या थोड्याच वर. म्हणजे वजनास वजन लावले तर फरक फारसा नाही! पाणी उडून गेल्यावर जे उरते त्यात तेलाचा वाटा मोठा असतो. मग लाभ कोणता? ही चाळीस ग्रॅम पाने मोठे ताट भरून दिसतात, त्यांत पाल्याचा चोथा आणि सत्त्व आहे, आणि चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाटीत पन्नास कॅलरी पडतात. तेल चार चमचे घातले तर हा लाभ गेलाच. यजमानांपुढे डबा ठेवू नका, वाटी ठेवा.

दुसरा कोणता पाला चालेल, असे पुष्कळजणी विचारतील. फ्लॉवरच्या आतली कोवळी पाने चालतात. पालक चालतो, परंतु तो पातळ असल्यामुळे निम्म्याच वेळात होतो आणि बोट लावताच चुरा होतो. मुळ्याचा पाला मला उग्र लागला. अळूच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याची खाज चिंचेत घालून चांगले शिजविल्याखेरीज जात नाही, आणि कोरड्या भाजण्याने तर मुळीच नाही.

एका भगिनीने मागेच विचारले होते की, तेलकट नाही आणि मांसही नाही, तर असा खाऊ उपवासकाळात केव्हाही खाल्लेला चालतो काय? शुक्रवारी मांस वर्ज्य असते, त्या दृष्टीने यात अडचण नाही. पण राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी एकच पूर्ण जेवण घ्यावयाचे, सकाळ-संध्याकाळ थोडेसे, असा ख्रिस्तसभेचा नियम अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंतच्या सर्वांस आहे. पाल्याचा असला तरी खाऊ तो खाऊच. त्या दोन दिवशी डबा फळीवरच राहू द्यावा. आजारी माणसाची गोष्ट निराळी. त्यास औषधाबरोबर जे खावे लागते ते त्याने खावे. आणि वजन उतरविण्यासाठी जेवण कमी करणे हे काही उपवासाच्या हिशेबात धरता येत नाही, हे आमच्या धर्मग्रामात एकदा हसत हसत सांगावे लागले होते.

उरलेला खाऊ पूर्ण निवल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस टिकतो. सादळला तर पाच मिनिटे पुन्हा मंद उष्णतेवर ठेवावा, तो परत वाजू लागेल. पावसाळ्यात करण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडच्या दमट हवेत तो डब्यातून वाटीत येईपर्यंत मऊ पडतो.

खानापूरच्या भगिनी, तुमचे यजमान पहिल्या दिवशी नाके मुरडतील. मुरडू द्या. 'हे तब्येतीसाठी' असे मात्र म्हणू नका. त्या शब्दानेच ते चपला शोधू लागतील. कन्येने पाठविलेल्या खाऊसारखा घरी जमतो का ते पाहिले, एवढेच सांगा, आणि तुम्हीही आपली वाटी घेऊन जवळ बसा. पण हे सारे गोळीचे नाव वाचून, डॉक्टरांस विचारून झाल्यावर. काय नाव निघाले ते मला कळवा; तुमच्या पत्राची मी वाट पाहत आहे.